नदीवर बसलेलं मांजर

चित्रपट संपला तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि मी खुर्चीच्या हातात नखं रुतवून बसले होते. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. माझ्याकडे शिकणाऱ्या नऊ मुलांनी हाताने काढलेला पाच मिनिटांचा ॲनिमेशनपट नुकताच पडद्यावर दाखवला होता. त्यातलं मांजर मुलांचं होतं, मांजराची चालही मुलांची होती. पण मांजराच्या मागे जे काही दिसत होतं त्यातली एक रेघही मुलांची नव्हती. सगळी बॅकग्राउंड्स कुणीतरी बदलली होती. मला न विचारता, मुलांना न सांगता. आणि हे मला कळलं ते ठेवणीतली पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्यावर.

माझा राग पुष्कळांना जरा जास्तच वाटला. "एवढं काय झालं?" असं निदान दहा जणांनी तरी विचारलं. तर एवढं काय झालं, ते सांगते.

दोह्याला यायच्या आधी मी अंधेरीच्या एका स्टुडिओत बॅकग्राउंड पेंटर होते. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये कामाची वाटणी असते. जे हलतं ते एक जण काढतो, जे हलत नाही ते दुसरा. पात्र धावतं, पडतं, रडतं. ते धावतं तो जिना, पडतं ती फरशी आणि ज्या भिंतीकडे तोंड करून रडतं त्या भिंतीवरचा ओलीचा डाग, हे सगळं मी रंगवायचे. जाड कागद आधी ओला करायचा, पोस्टर कलरचा पातळ हात मारायचा, तो पुरता वाळायच्या आत दुसरा. एक चित्र दीड दिवस खायचं आणि पडद्यावर चार सेकंद टिकायचं.

काम सगळं परदेशातून यायचं, त्यामुळे सहा वर्षं मी मुख्यतः बर्फ रंगवला. बर्फाची छपरं, बर्फाचे रस्ते, बर्फाने वाकलेली सूचीपर्णी झाडं. मी तोवर पाहिलेला बर्फ म्हणजे आईच्या फ्रीजरमध्ये साचायचा तेवढाच. बर्फावरच्या सावल्या निळसर असतात असं सोबतच्या कागदावर लिहून आलेलं असायचं, म्हणून मी त्या निळसर करायचे. खऱ्या असतात की नाही, देव जाणे. शेवटी नावांची पाटी सरकायची तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्यातल्या कुणाचंही नाव तिच्यात नसायचं. मी एकदा विचारलं तर आमचे मॅनेजर हसले. म्हणाले, "मॅडम, बॅकग्राउंडकडे कोण बघतं?"

सगळे बघतात! बघतोय हे कळत नाही, इतकंच. रिकाम्या खोलीचं चित्र नीट काढलं असेल तर त्या खोलीत कोण राहतं, त्याचं पोट भरलेलं आहे की नाही, घरात बोलणं चालू आहे की अबोला, हे पात्र आत यायच्या आधी प्रेक्षकाला समजलेलं असतं. बिचाऱ्या पात्राला मग कमी बोलावं लागतं. आमच्या कामाचं सगळं इंगित हे आहे, आणि ते साधलं की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

पुढे नवऱ्याला कतारमध्ये गॅस कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही दोह्याच्या बिन महमूद भागात फ्लॅट घेऊन राहू लागलो. ब्रश सुटकेसमध्ये राहिले. मुलगा मोठा होऊन शिकायला गेला, तरी ते सुटकेसमध्येच होते. मग मंडळाने विचारलं की शनिवारी सकाळी मुलांना चित्रकला शिकवाल का. मी म्हटलं, चित्रकला नाही, चित्रपट शिकवते. हाताने काढलेला.

नऊ मुलं यायची. बहुतेकांचा जन्म इथला. मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत. पहिल्याच शनिवारी सगळ्यांनी आकाशाला ट्यूबमधला निळा फासला. मी ब्रश काढून घेतले आणि सगळ्यांना आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं. "आता बघा. कुठाय निळं?" डोक्यावर थोडं होतं. पण जसजशी नजर खाली उतरत होती तसतसं ते विटत जात होतं, आणि समोरच्या इमारतींच्या टाक्यांपाशी तर पीठ चाळताना हवेत उडतं तसं पांढुरकं झालं होतं. मुलं जन्मापासून याच आकाशाखाली होती आणि त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. मुऐदरहून येणारा एक मुलगा म्हणाला, "लाइक करक, आंटी. द फोम ऑन टॉप." करक चहाच्या फेसासारखं! मी त्याची पाठ थोपटली. खाली येऊन आम्ही पांढऱ्यात पिवळी माती आणि टिचभर करडा कालवला, आणि दोह्याचं आकाश तयार झालं.

गोष्ट मुलांनीच ठरवली. एक भटकं मांजर, आमच्याकडे कचऱ्याच्या पेटीपाशी डझनावारी असतात त्यातलंच एक, राहायला घर शोधत इमारतीवर चढतं. एसीच्या बाहेरच्या डब्यांवरून उड्या मारत मजल्यामजल्यावर जातं आणि एकेका खिडकीतून आत डोकावतं. प्रत्येक मुलाने आपापल्या घराची खिडकी बाहेरून कशी दिसेल ती रंगवायची. नियम एकच. घरात माणूस दाखवायचा नाही, पण घर कुणाचं ते कळलं पाहिजे.

काय काय आलं त्या खिडक्यांत! रत्नागिरीकडच्या एका कुटुंबातल्या मुलाने आजीची नमाजाची चटई, जानमाज, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि शेजारी तिची गुडघ्याला चोळायची तेलाची बाटली. एकाने बाबांचा कंपनीचा डगला काढला, खुंटीवर, अजून घामाने ओला. अकरा वर्षांची एक मुलगी होती, नाशिककडची, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिने स्वयंपाकघराची खिडकी घेतली. म्हणाली, "आंटी, आई तर ऑलवेज तिथेच असते. तिला कसं नाही दाखवायचं?" मी म्हटलं, विचार कर. पुढच्या शनिवारी ती चित्र घेऊन आली. ओट्यावर चहाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन होता, त्यात आजीचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. फोनसमोर उघडा चष्मा आणि अर्धी सोललेली लसणाची कुडी. आई आत्ता कुठे उठून गेली होती. मी सहा वर्षं बर्फ रंगवला, पण इतकं साधं आणि खरं चित्र माझ्या हातून एकदाही झालं नाही, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं.

"मग आमचं घर लास्ट ठेवा," ती म्हणाली. "मांजर तिथेच राहू दे." तिच्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. जूनमध्ये ते सगळे कायमचे परत चालले होते. ज्या घरात ती जन्मल्यापासून राहिली ते घर सोडायच्या आधी सगळ्यांनी एकदा बघावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने ती मला तीनतीनदा बजावून सांगितली. मी शब्द दिला. शेवटचं दृश्य तिचं. मांजर खिडकीतून आत उडी मारतं, चष्म्याचा वास घेतं आणि ओट्यावर अंगाची गुंडाळी करतं.

चार महिने लागले. मांजराची चित्रं वेगळी, बॅकग्राउंड्स वेगळी, सगळी स्कॅन करून मी लॅपटॉपवर एकावर एक बसवली. कार्यक्रमाच्या आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष नवऱ्याला म्हणाले की सभागृहाचा पडदा मोठा आहे, मूळ फाइल्स लागतील. नवऱ्याने अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दिला. त्यात सगळे थर सुटे होते. मांजर एकीकडे, जागा दुसरीकडे. जागा उचलून फेकायला दोन मिनिटं पुरे.

आता पडद्यावर काय झालं ते ऐका. एसीचे डबे, टाक्या, खिडक्या, सगळं गायब. त्यांच्या जागी कॉम्प्युटरने बनवून दिलेला चकचकीत महाराष्ट्र. हिरवे डोंगर, संथ नदी, कौलारू घर, विहीर, मागे केशरी सूर्यास्त. पण मांजर तर मुलांनी आपल्या बॅकग्राउंडवर मोजूनमापून काढलेलं! त्यामुळे एसीच्या डब्यावर बसायला झेपावलेलं मांजर नदीवर जाऊन बसलं. पाण्यावर. आणि निवांत शेपूट चाटायला लागलं. सहाव्या मजल्याच्या कठड्यावरून खाली बघून त्याची घाबरगुंडी उडते, ते आता सपाट हिरवळीवर उभं राहून गवताला घाबरत होतं. भर दुपारची आखूड सावली त्याच्या पोटाखाली आणि मागे सूर्य बुडतोय. आम्ही त्याला तांबूस रंग दिला होता, फिक्या आकाशावर उठून दिसावा म्हणून. केशरी सूर्यास्तावर ते असं विरघळलं की नुसते दोन डोळे तरंगत होते. जानमाजेच्या जागी तुळशीवृंदावन आलं. आणि शेवटी मांजर ज्या ओट्यावर झोपायचं तो ओटाच नव्हता, ते विहिरीच्या बरोबर मधोमध हवेत गुंडाळी करून झोपलं.

लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग टाळ्या. मी मागे वळून मुलांकडे पाहिलं. रत्नागिरीचा मुलगा शेजाऱ्याला काहीतरी विचारत होता. नाशिकची मुलगी पडद्याकडे बघत होती. मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळे टाळ्या वाजवतायत हे पाहिलं, आणि तीही टाळ्या वाजवू लागली. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या रांगेत मी अध्यक्षांना गाठलं. ते हातात ताट घेऊन अभिनंदन स्वीकारत होते.

"सर, हे कुणी केलं?"

"आवडलं ना वहिनी? आमच्या ऑफिसातल्या डिझायनरने एका दिवसात करून दिलं. एका दिवसात! क्वालिटी बघा."

"मुलांची चित्रं का काढून टाकली?"

"अहो, त्यात होतं काय? एसीचे डबे, वाळत घातलेले कपडे. चीफ गेस्टना ते दाखवायचं? महाराष्ट्र दिन आहे. पोरांना आपली माती दिसायला नको?"

"ही पोरं कुठल्या नदीकाठी वाढली, सर? त्यांची माती त्यांच्या खिडकीच्या चौकटीत बसते. रोज पुसावी लागते."

"रूट्स, वहिनी, रूट्स महत्त्वाचे. चला, खलास, आज सणाचा दिवस आहे, मसालेभात घ्या."

हे गृहस्थ स्वतः ठाण्याला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या दोन खोल्यांत वाढलेले. ती नदी आणि ते कौलारू घर त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं? कॅलेंडरवर! उंटावरचे शहाणे सगळीकडे असतात, आमच्याकडे तर उंटही खरे मिळतात. मी मसालेभात घेतला नाही.

घरी परतताना गाडीत नवरा म्हणाला, "अगं, किती मनाला लावून घेतेस? गोष्ट तीच आहे ना? बॅकग्राउंडच तर बदललंय."

हे वाक्य मी अंधेरीत पगार घेऊन ऐकलं होतं. घरच्या माणसाकडून फुकट ऐकायची तयारी नव्हती. "तुझ्या पाइपलाइनच्या ड्रॉइंगमधून कुणी जमीन काढून तिथे समुद्र घातला," मी म्हटलं, "आणि म्हणाला, पाइप तर तोच आहे ना, तर सही करशील?"

सिग्नलला गाडी थांबल्यावर तो हळूच बोलला, "ते दोन दिवसांपूर्वी म्हणाले होते, थोडं टचअप करतो. मला वाटलं तुला सरप्राइज होईल."

म्हणजे याला माहीत होतं! दोन दिवस याने माझ्यासोबत जेवण केलं, चहा घेतला, माझी पैठणी इस्त्रीला टाकून आणली, आणि चकार शब्द काढला नाही. नंतरचे चार दिवस आमच्या घरात फक्त "भाजी संपलीये" आणि "किल्ली कुठाय" एवढंच बोलणं झालं. पाचव्या दिवशी त्याने आपणहून अध्यक्षांना फोन केला आणि मुलांचा मूळ चित्रपट दाखवायची गळ घातली. ते म्हणाले, पुढच्या कार्यक्रमाला बघू, इन्शाल्ला. मंडळाच्या चॅनेलवर मात्र नदीवाला चित्रपट चढला होता, खाली मुलांची नावं. मी ग्रुपवर लिहिलं की ही चित्रं मुलांची नाहीत, हे उतरवा. त्यावर तिघांनी हात जोडले, एकाने अंगठा दाखवला आणि बाकीचे मूग गिळून बसले.

शेवटी मी ठरवलं, मंडळ गेलं खड्ड्यात. नाशिकची मंडळी जायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, लॅपटॉप आणि त्या मुलीचं मूळ चित्र फ्रेम करून घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दिलेला शब्द निदान तिच्यापुरता तरी पाळायचा होता. घरात खोकीच खोकी. वडील बँकेच्या कामाला गेले होते. आई जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मुलगी आत होती तोवर ती मन मोकळं करत होती. "तिकडं पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय ताई. बरा आहे. पण समोरची बिल्डिंग इतकी खेटून आहे ना, भर दिवसा लाइट लावावा लागतो. हिला अजून सांगितलं नाही बघा मी."

मग मुलगी आली. आम्ही तिघी एका खोक्यासमोर बसलो आणि मी खरा चित्रपट लावला. मांजर डब्यांवरून चढलं, जानमाज बघितली, ओला डगला बघितला, आणि सगळ्यात शेवटी तिच्या खिडकीशी आलं. आईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, माझा चष्मा! आणि आईंचं कपाळ!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मांजर ओट्यावर झोपलं आणि मी मुलीकडे बघितलं. याच चेहऱ्यासाठी मी आले होते.

"नाइस आहे, आंटी," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली. "पण ते दुसरं जास्त चांगलं होतं. एव्हरीवन क्लॅप्ड."

"तुझं चित्र काढून टाकलं होतं त्यात."

"हो, कारण त्यात एसी आणि लसूण होता ना. ते नाही काढायचं. आता मी नीट काढलंय. थांबा हं, दाखवते."

ती आत पळाली आणि मोठा कागद घेऊन आली. हिरवे डोंगर, संथ नदी, कौलारू घर, विहीर. मी नीट बघितलं. कागद आधी ओला केला होता. दूरचे डोंगर फिके, जवळचे गडद. सावल्या सगळ्या एकाच बाजूला पडल्या होत्या, पाण्यात घराचं प्रतिबिंब बरोबर उलटं होतं. चार महिन्यांत मी शिकवलेली एकही गोष्ट ती विसरली नव्हती. तिचा हात इतका तयार झाला होता की मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी ते चित्र टराटरा फाडावंसं वाटलं. फ्रेम केलेली तिची खिडकी माझ्या मांडीवर तशीच पडून होती, तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"कुठलं गं हे?" मी विचारलं.

"आमचं नाशिकचं घर. विंडोतून असं दिसणार." मग ती आईकडे वळली. "दिसणार ना, आई?"

आईच्या हातात अर्धवट गुंडाळलेली कढई होती. तिने माझ्याकडे बघितलं. खोट्या जागेवरून मी अध्यक्षांशी भांडले होते, नवऱ्याशी अबोला धरला होता, ग्रुपवर सगळ्यांची तोंडं आंबट केली होती. आता खरं बोलायची पाळी माझी होती, आणि पोरगी कागद धरून उभी होती.

"हो गं, दिसणार ना," आई म्हणाली आणि कढई खोक्यात ठेवली.

मुलीने मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "छान काढलंयस," मी म्हटलं. त्या लोकांनी ते खोटं नुसतं पडद्यावर लावलं होतं. खरं आहे म्हणून तिच्या तोंडावर सांगून आले ती मी.